क्रूझ लावलं आणि पाय वर घेतला

पिकअप चालवण्यात माझा हात धरणारं आमच्या घरात कोणी नाही, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना गैरसमज नको. चौथीनंतर शाळेने मला सोडलं की मी शाळेला, यावर अजून एकमत नाही. पण आमच्या रोपवाटिकेची माती, कुंड्या, खताची पोती ट्रेलरवर लादून मी गावभर पोचवली आहेत. ट्रेलर मागे घेताना भलेभले घाम पुसतात. मी चष्मा पुसते.

तर लेकीच्या केकच्या दुकानाचं उद्घाटन होतं. त्यासाठी काचेचं कपाट आमच्या इथल्या सुताराने केलं होतं आणि ते नेणार होते मी. मुलगा बहिणीच्या मदतीला आदल्या दिवशीच निघाला. जाता जाता म्हणाला, "आई, काच तडकली तर पिकअपची चावी यापुढे माझ्याकडे. वय झालं तुझं."

"माझं वय काढतोस? तुला दवाखान्यातून आणलं तेव्हा तुझ्यापेक्षा टरबूज जड होतं."

"आणि दुसरं. नव्या पिकअपमध्ये क्रूझ कंट्रोल आहे. बटण दाबलं की गाडी एकाच वेगाने आपली आपण पळते. पण मागे ट्रेलर असताना ते लावायचं नाही. चढाला इंजिन उगाच ओढतं, उताराला मागचं वजन ढकलतं. गाडीला ते कळत नाही."

"गाडीला कळत नाही, आईला कळत नाही. तुलाच काय ते सगळं कळतं."

आता तुम्हीच सांगा, जे लावायचंच नाही त्याचं बटण एवढं हाताशी कशाला देतील?

निघालो. शेजारी आमचे हे. यांचा स्वभाव असा की शिंक आली तरी आधी माझ्याकडे बघतात. मागे ट्रेलरवर कपाट, रजयांत गुंडाळलेलं, दोऱ्यांनी आवळलेलं, आजारी सासूला नेतात तसं. सपाट रस्ता लागला आणि मी बटण दाबलं. पाय उचलून पाहिला. गाडी चालतेय. मग काय, सीट मागे सरकवली, उजवा पाय वर घेऊन मांडीखाली दुमडला आणि अंगणात गप्पा मारायला बसावं तशी बसले.

"अगं, पाय कुठाय तुझा?" हे म्हणाले.

"माझ्याजवळच आहे."

"खाली नको का तो?"

"खाली त्याला काही काम नाही."

मग चढ आला. वेग जरा पडला आणि गाडीला ते सहन झालं नाही. तिने आपला आपण गिअर खाली टाकला आणि अशी किंचाळली की रस्त्याकडेचे कावळे उडाले. मी नुसती बसले होते. पण यांना ते कसं कळणार? मी रागावले की गाडी जोरात चालवते, हे यांना लग्नापासून पाठ आहे. इंजिन ओरडलं की हे समजतात, आपलं काहीतरी चुकलं.

"मी काही बोललो का गं?"

"नाही."

इंजिन आणखी तापलं.

"बरं, ती निळी कुंडी माझ्याच हातून फुटली."

"कुठली निळी कुंडी?"

गाडीने आणखी एक गिअर टाकला. हे सीटला चिकटले.

"आणि ते चावीचं... ते त्याच्या डोक्यातलं नाही. मीच म्हणालो त्याला, आईकडून चावी काढून घे."

मी वळून बघितलं. "तुम्ही?"

"तू खेपेला गेलीस की मी फाटकात उभा असतो, परत येईपर्यंत. गिऱ्हाईक गुलाब मागतं, मी निवडुंग देतो."

मी आरसा सरळ केला. तो आधीच सरळ होता. तेवढ्यात चढ संपला.

उतार लागला आणि कपाटाने मागून ढकलायला सुरुवात केली. क्रूझ आपलं स्वस्थ. ट्रेलर आधी थोडा डुलला, मग खुशीत आलेल्या कुत्र्याच्या शेपटासारखा हलायला लागला. ब्रेक दाबावा म्हणून मी पाय खाली सोडला, तर गुडघ्याखाली नुसतं लाकूड.

"पाय झोपलाय," मी म्हणाले.

"आत्ता?"

माझे दोन्ही हात स्टिअरिंगला जखडलेले, आणि डाव्या पायाला ब्रेकची सवय नाही, तो धाडकन दाबणार. "ते बटण दाबा, स्टिअरिंगवरचं."

यांनी दाबलं. रेडिओ लागला. कोणी बाई सांगत होती, डोळे मिटा आणि हळूहळू श्वास सोडा. यांनी दुसरं दाबलं. बाईचा आवाज मोठा झाला.

"माझा पाय धरा आणि ब्रेकवर ठेवा. हळू. एकदम दाबलात तर ट्रेलर आपल्या पुढे जाईल."

यांनी पट्टा सोडला, खाली वाकले, माझा पाय दोन्ही हातांनी उचलून ब्रेकवर ठेवला आणि वरून, लेकराला थोपटावं तसा, दाबत राहिले. ब्रेक लागला तसं क्रूझ सुटलं. वेग उतरला. शेपूट शांत झालं. शेजारून बस गेली. त्यातल्या लोकांना दिसलं ते एवढंच, की एक म्हातारी ताठ बसून गाडी हाकतेय आणि तिचा नवरा तिच्या पायावर डोकं ठेवून आहे. बघू देत.

कडेला थांबून रजया सोडल्या. काच शाबूत होती. हे एवढंच म्हणाले, "दोऱ्या परत नीट बांध."

दुकानात लेकीने कपाट पाहिलं आणि माझ्या गळ्यात पडली. मुलाने एकेक काच बोट फिरवून तपासली. मग मान डोलावत म्हणाला, "मानलं आई. चावी तुझ्याकडेच. बाबा, कशी चालवली हिने?"

मी यांच्याकडे बघितलं. यांच्या हातात चहाचा कप होता आणि चहा सगळा बशीत होता.

"उत्तम," हे म्हणाले. "परतीची बस कुठून सुटते?"

मुलगा पोट धरून हसला. मी हसले नाही. केक कापून झाल्यावर चावी त्याच्या खिशात टाकली. म्हटलं, रिकामा ट्रेलर ओढण्यात माझ्यासारखीला काय गोडी, तूच चालव. परतताना पुढे तिघं, मी मध्ये. पहिला चढ यायच्या आधीच हे माझ्या खांद्यावर घोरत होते.

चावी मी दिलेली आहे, कोणी घेतलेली नाही. मुलगा वेगळं काही सांगेल. त्याचं ऐकू नका.