भगवानरावांचा पासवर्ड

"पासवर्ड लिहून ठेवते थो भुलक्कड माणूस! माह्या इथं हाये सारं!" असं म्हणून भगवानरावांनी टकलावर टिचकी मारली. मुकुटबनच्या एका ज्युनियर कॉलेजात ते बावीस वर्षं हेडक्लार्क. पोरांचे हजेरी क्रमांकच काय, त्यांच्या आजोबांची नावंसुद्धा तोंडपाठ!

त्या दिवशी मात्र गाठ कॉम्प्युटरशी होती. बारावीची परीक्षा दुसऱ्याच दिवशी. एकशे बेचाळीस हॉल तिकिटं छापायची बाकी, पोरं व्हरांड्यात ताटकळलेली, आणि त्यांची गावाकडची बस तीनला. जुना प्रिंटर ऐन वेळी बंद पडला म्हणून नवा आणला, जोडला, तर कॉम्प्युटर अडून बसला. आधी ॲडमिनचा पासवर्ड सांगा म्हणे!

"काय लिहू सर?" ऑपरेटर दीपाने विचारलं.

"लिही, विमल." बायकोचं नाव. चूक! मग मुलीचं, गावाचं, शेवटी लाडक्या बैलाचंही लिहून झालं. सगळे चूक! भगवानरावांना दरदरून घाम फुटला.

"अरे बाप! म्या तं पासवर्ड ठेवलाच नाही!"

प्राचार्या उज्ज्वला मॅडम धावत आल्या. "ज्यानं कॉम्प्युटर बसवला, त्याले फोन लावा!"

तो रजत, पुण्याचा इंजिनिअर. दीपाने फोन स्पीकरवर टाकून भगवानरावांपुढे धरला.

"रजतभाऊ, आमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड काय हाये?"

"काहून."

"काहून म्हंजे? हॉल तिकिटं छापायची हायेत!"

"हो, पण काहून."

"नवा प्रिंटर लावून राह्यलो ना भाऊ! जुना बिघडला!"

"सर, काहून!"

भगवानराव चरकले. पुण्याचा माणूस चक्क वऱ्हाडीत 'का, का' करून खोदतोय, म्हणजे याला नक्की काहीतरी कळलंय! त्यांनी चोरून मॅडमकडे पाहिलं.

"उंदरानं वायर कुरतडली, म्हणून बिघडला."

"अहो सर, काहून! काहून!"

घड्याळात सव्वादोन. व्हरांड्यातून एका पोरीच्या मुसमुसण्याचा आवाज आला आणि भगवानरावांचा बांध फुटला. आपल्या एका थापेपायी या लेकरांचं वर्ष बुडणार!

"सांगतो बाप्पा! उंदीर-फिंदीर काही नव्हता! पुतणीच्या लग्नाच्या चारशे पत्रिका छापल्या म्या त्याच्यावर! जाड कागद अटकला अन् मेला थो!"

दीपाने तोंडावर हात ठेवला. मॅडमचा आ वासलेला.

"ती पत्रिका? गणपतीच्या चित्रवाली? भगवानराव, मी तं छपाईची तारीफ केलती!"

तेवढ्यात फोनमधून रजतचा रडवेला आवाज आला. "सर, मी कारण विचारतच नाहीये! पासवर्डच 'काहून' आहे! मागच्या वर्षी मी विचारलं, पासवर्ड काय ठेवू? तुम्ही म्हणालात, काहून. तो दोनदा टाकावा लागतो, म्हणून पुन्हा विचारलं. तुम्ही पुन्हा काहून म्हणालात, जरा ओरडूनच! मला वाटलं, तुमच्या देवाबिवाचं नाव असेल. इंग्रजी अक्षरांत टाकला."

दीपाने तसं टाइप केलं. कॉम्प्युटर मुकाट उघडला! प्रिंटर घरघरला, आणि बस सुटायच्या आत शेवटच्या पोरीच्या हातात हॉल तिकीट पडलं. भगवानराव मात्र खुर्चीत पोत्यासारखे बसले होते.

"हा पासवर्ड आता साऱ्या कॉलेजनं ऐकला," मॅडम दारातून म्हणाल्या. "बदलून टाका. मग माझ्या केबिनमध्ये या."

"नवीन काय ठेवू सर?" दीपाने विचारलं.

भगवानरावांच्या डोक्यात केबिनच घुमत होती. ते दचकून, आता कशाला विचारतेस अशा सुरात म्हणाले, "कायले?"

दीपा गालात हसली. तिने टाइप केलं आणि म्हणाली, "पुन्हा एकदा सांगा सर."

"आता कायले?"

"आधी टाकला त्यात 'आता' नव्हतं सर. नुसतं 'कायले'च ठेवते."

भगवानरावांनी खिशातला पेन काढला आणि गुपचूप तळहातावर लिहून घेतलं.