योहानभाऊंचं 'हो'

योहानभाऊंना चहा विचारा. ते आधी जमिनीकडे बघतात, पोटावरून हात फिरवतात आणि बऱ्याच वेळानं म्हणतात, "हो." तोवर चहावाला दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असतो.

गुडीहत्नूरला छोटा टेम्पो चालवणारा हा माणूस एकदा 'हो' म्हणाला की सुटका नाही. तरुणपणी चर्चच्या नाताळच्या नाटकात ते मेंढरू व्हायला तयार झाले. पुढे कुणी 'आता पुरे' म्हटलंच नाही. केस पिकले, गुडघे कुरकुरू लागले, तरी दर नाताळात अंगाला कापूस चिकटवून शाळकरी पोरांबरोबर रांगतात. मी एकदा म्हणालो, भाऊ, आता तरी मोठे व्हा.

"मोठा झालो म्हणूनच तं, शेठ. लेकरू दिलेला शब्द इसरलं तं चालते."

त्यांचा हिशेब असा: तान्हेपणी बाप्तिस्म्याच्या वेळी आईनं त्यांच्या वतीनं देवाला हो म्हटलं. जाणते झाल्यावर चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभं राहून ते त्यांनी स्वतः म्हटलं. तेव्हापासून तोंडातून निघालेला प्रत्येक हो त्यांच्या अंगावर.

याचा फटका मला बसला. डोक्यावर टोपली घेऊन मी भाजीचा धंदा उभा केलाय. आदिलाबादेत टोमॅटो तेजीत, माझा माल भरून तयार, आणि हे एका म्हातारीला प्रार्थनेला न्यायचा शब्द दिलाय म्हणून निघून गेले. दुप्पट भाडं देत होतो मी. माल सडला. चौकात मी जे बोललो ते छापण्यासारखं नाही, आणि त्यातलं काहीही मी मागे घेतलेलं नाही.

यंदा माझ्या प्रणालीला बासरच्या विद्यापीठात प्रवेश मिळाला. दुपारी बारापर्यंत हजर व्हायचं, नाहीतर जागा दुसऱ्याला. घासाघीस करून ठरवलेला गाडीवाला सकाळी आलाच नाही. त्याला बरं भाडं मिळालं होतं. पोरगी पेटीवर बसून रडायला लागली. शेवटी योहानभाऊंच्या दारात गेलो.

ते जमिनीकडे बघत राहिले. मी भाडं वाढवलं. पुन्हा वाढवलं.

"भाव नका वाढवू. स्टेपनी खराब हाये. मधात चाक बसलं तं पोरीचं कसं?"

शेजाऱ्याकडून चाक आणलं, फिरवून पाहिलं, मग म्हणाले, "हो."

पोरगी पेटी घेऊन पुढे बसली, मी मागे रिकाम्या क्रेटमध्ये. निर्मलपर्यंत हाडं खिळखिळी झाली. पण बाराच्या आत प्रणालीचं नाव लागलं, आणि मी फाटकाबाहेर बसून पहिल्यांदा पोटभर श्वास घेतला.

संध्याकाळी त्यांनी मला दारात सोडलं. जाता जाता मी म्हणालो, या कधी घरी जेवायला.

त्यांनी इंजिन बंद केलं. "कधी म्हणजे कोणत्या दिवशी?"

मला हसू आलं. ते हसले नाहीत.

"बायको गेल्यापासून सगळे म्हणतात, या कधी. कोणी असं म्हटलं का त्या दिवशी मी चूल पेटवत नाही. वाट पाहून राह्यतो."

माझा टोमॅटोचा राग तसाच आहे. तो वेगळा.

"आज," मी म्हणालो, आणि आत ओरडून एक ताट वाढवायला सांगितलं.

ते उतरले. आमच्या नळावर तोंड धुतलं आणि टेम्पोच्या आरशात बघून, कितीतरी वेळ, भांग पाडत राहिले.