तरीवालीची भाकरी आणि विद्याधरपंतांची तांबडी पेन्सिल

श्री. पडद्यामागे राहून ज्याचा हात कोणास दिसत नाही, त्या सूत्रधारास नमन. बाळांनो, सरसावून बसा. हकीकत ऐकली तशी सांगतो. मध्ये आमचा गोंधळ झाला तर हसू नका, कारण ज्यांची हकीकत त्यांचाही जाहला होता.

शके १९३२, विकृतिनाम संवत्सरी, घरोघरच्या काचेच्या पेटीवर अंमल चालवणारे एक राज्य होते आणि तेथे विद्याधरपंत सुखटणकर कारभारी होते. लेखकांनी मालिकांच्या, सिनेमांच्या कथा आणाव्या आणि पंतांनी त्या वाचून समासात तांबड्या पेन्सिलीने सूचना लिहाव्या, हे त्यांचे काम. राज्याचा रिवाज असा की, सूचनेवाचून कथा परत गेली तर कारभाऱ्याने ती वाचलीच नाही ऐसे समजत. म्हणून पंत उत्तम कथेवरही काही ना काही लिहीतच. मग एके दिवशी कालिंदीबाई नामे लेखिका कथा घेऊन आल्या. कथा खाडीत होडी चालवणाऱ्या एका तरीवालीची. मुलगा परगावाहून येणार म्हणून ती भाकरी बांधून पैलतीरी जाते, मुलगा आलेला नसतो, मग ती रिकामी होडी खाडीच्या मधोमध थांबवते आणि शिदोरी सोडून त्याची भाकरी आपण खाते, आणि भाकरी संपेतो एक शब्द बोलत नाही. हे वाचून पंतांचे डोळे भरून आले, आणि भरल्या डोळ्यांनीच त्यांनी समासात लिहिले, ‘नायिका फार वेळ गप्प. काहीतरी म्हणेल तर बरे.’

बाई म्हणाल्या, “काय म्हणू दे हो तिला? ‘मी भाकरी खातेय’ म्हणू दे?”

“ते तुम्ही बघा. मी आपली सूचना केली.”

“मग ती गप्पच राहील. आणि मीही,” असे म्हणून बाई कथा उचलून गेल्या.

पुढे अकरा वर्षे पंतांनी पुष्कळ मालिका चालवल्या, मान मिळवला, परंतु पानावर भाकरी आली की ती होडी त्यांच्यासमोर उभी राही. अखेर शके १९४३, प्लवनाम संवत्सरी, त्यांनी कारभार सोडला, स्वतः निर्माते जाहले आणि बाईंच्या दारी गेले. बाईंनी अट घातली. “भाकरी संपेपर्यंत कोणी बोलायचे नाही. एक शब्द घुसला तर कथा माझी नाही, आणि नावही माझे लावायचे नाही.” पंतांनी शब्द दिला. मग खाडीवर चित्रण जाहले आणि तयार सिनेमा घेऊन पंत आपल्याच जुन्या दरबारी गेले. तेथे आता कारभार रेणुकाबाईंकडे होता, ज्यांस पंतांनीच कामात तयार केले होते. आठ दिवसांनी सिनेमा परत आला, सोबत एक कागद, आणि कागदावर तांबड्या अक्षरांत लिहिलेले, ‘नायिका फार वेळ गप्प. काहीतरी म्हणेल तर बरे.’

पंत तडक गेले. “रेणुका, हे तुला कोणी शिकवले?”

“तुम्हीच, सर. सूचनेवाचून परत देऊ नये.”

“अगं, पण तुला कसा वाटला?”

“रडले मी.”

“मग असे लिहिलेस कसे?”

“तुम्ही कसे लिहीत होतात?”

आता रागवावे की शाबासकी द्यावी, हे पंतांस कळेना. सूचना चूक म्हणावी तर आपलीच, आणि बरोबर म्हणावी तर कालिंदीबाईंना दिलेला शब्द जातो. त्या घोळात ते संकलनाच्या खोलीत गेले आणि नटीस बोलावून होडीतल्या प्रसंगावर एक ओळ वदवून घेतली, ‘ये रे बाबा, कधीतरी ये.’ दुसऱ्या दिवशी दुपारी कालिंदीबाई आल्या आणि त्यांनी ती ऐकली.

“ही ओळ कोणाची?”

“दरबाराची.”

“दरबाराने नुसते ‘काहीतरी’ म्हटलेय. ओळ कोणी लिहिली?”

“मी. म्हणजे, कारभारी या नात्याने.”

“कारभारी तर रेणुका आहे.”

“मग निर्माता या नात्याने.”

“निर्मात्याने मला शब्द दिलाय, पंत.”

पंत खाली बसले. म्हणाले, “बाई, मग मी आता कोण?”

बाईंनी पिशवीतून डबा काढला, तांदळाची भाकरी आणि सुकटीची चटणी त्यांच्यापुढे ठेवली. पंतांनी एक तुकडा मोडला, मग दुसरा, आणि खोलीत कोणीच काही बोलेना. संकलकाने यंत्र बंद केले. भाकरी मोठी होती, पुष्कळ वेळ लागला. शेवटचा घास गिळून पंतांनी हात पुसले आणि संकलकास सांगितले, “ती ओळ काढून टाका.” मग रेणुकाबाईंच्या कागदाखाली खिशातल्या आपल्या जुन्या तांबड्या पेन्सिलीने लिहिले, ‘सूचना वाचली. नायिका गप्पच राहील.’ आणि पेन्सिल बाईंच्या रिकाम्या डब्यात टाकली.

येणेप्रमाणे विद्याधरपंतांची हकीकत. सिनेमा दरबाराने घेतला नाही, खाडीकाठच्या एका गावी थिएटरात लागला, आणि होडीच्या प्रसंगी कोणी उठले नाही ऐसे सांगतात. यात शहाणे कोण आणि चुकले कोण, हे तुम्ही विचाराल, तर आम्हांस अद्याप उमगलेले नाही. या कागदाचा समास कोरा ठेवला आहे. बाळांनो, तो तसाच राहू द्या.