गजूभाऊ गृहीत धरत नाहीत

मस्तगडात आमच्या ऑफिसखाली चहाची टपरी आहे. गजूभाऊ तिथे कित्येक वर्षं एकच चहा पितात. तरी टपरीवाल्याने “नेहमीचा ना?” म्हटलं की ते हात वर करतात. “नेहमीचा म्हंजे काय? साखर कमी, आलं जास्त. गृहीत न्हाई धरायचं.” तो बिचारा रोज ऐकून घेतो.

गजूभाऊ बियाण्यांच्या दुकानांसाठी जावास्क्रिप्टमध्ये प्रोग्राम लिहितात. प्रत्येक प्रोग्रामसोबत सेटिंगची फाइल असते: प्रिंटर कोणता, कर किती, गिऱ्हाइकांना मेसेज पाठवायचे का. बाकीचे लोक ही फाइल नुसती वाचतात, गजूभाऊ तिची उलटतपासणी घेतात. आकड्याच्या जागी आकडाच आहे का? अनोळखी काही घुसलंय का? जरा गडबड दिसली की त्यांचा प्रोग्राम सुरूच होत नाही. उलट स्क्रीनवर अदबीने सांगतो, “मेसेज पाठवायचे का, ते कळालं न्हाई. कृपया नीट सांगा.”

एवढं सोवळं उगीच नाही. एकदा आमच्या मालकांनी एका दुकानाचे मेसेज बंद ठेवायला ‘फॉल्स’, म्हणजे ‘नाही’, असं लिहिलं, पण अवतरणचिन्हांत. अवतरणात काहीही लिहा, जावास्क्रिप्ट त्याला होकारच समजते. दुसऱ्या दिवशी “आपलं बियाणं तयार आहे” वाचून निम्मा अंबड तालुका दुकानापुढे उभा. मालक मागच्या खोलीत दडले. गजूभाऊ एकटे सगळ्यांना समजावत होते, “आम्ही न्हाईच म्हणलं होतं हो, या कॉम्प्युटरनं हो धरलं.” तेव्हापासून हा माणूस तपासल्याशिवाय कशाला हात लावत नाही.

वय चाळिशीपार, आईवडील गेलेले, दोन खोल्यांत एकटेच. अखेर अंबडच्या एका शिक्षिकेचं स्थळ आलं आणि मालक नि मी त्यांच्यासोबत बघायला गेलो. हे स्थळ गेलं तर दुसरं येणार नाही, हे आम्ही जाणून होतो. वाटेत मी त्यांना बजावलं, “भाऊ, आज तपासणी नको.”

मुलीच्या मामांनी सगळं ठरवूनच ठेवलं होतं. “पोरगी नोकरी सोडंल. तिची आई माझ्याकडं धावड्याला येईल. तुम्हाला कसलीच खटखट न्हाई.”

“बराबर,” मालक म्हणाले. मीही मान डोलावली.

गजूभाऊंनी पोह्यांची बशी खाली ठेवली. “थांबा. हे कुणी सांगितलं?”

“सांगायचं काय त्यात? पद्धतच हाय तशी.”

“पद्धत कधी लावायची? कुणी काही सांगितलंच न्हाई तर. ह्या तर समोर बसल्यात.” मग ते तिच्याकडे वळले. “मॅडम, तुम्हाला काय पाहिजे?”

मामांचा चेहरा उतरला. मी कपाळाला हात लावला. गेलं स्थळ.

ती म्हणाली, “शाळा सोडायची न्हाई. अन् आई माझ्याजवळ राहील.”

“बिलकुल,” गजूभाऊ म्हणाले.

“अन् तुम्हाला काय पाहिजे?” तिने विचारलं.

जगाला खोदून खोदून विचारणाऱ्या या माणसाला कुणी हे विचारलेलं मला आठवेना. मला फार वाईट वाटलं. खाली बघत, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, “संध्याकाळी घरी गेलो की आत लाईट लागलेला असावा. लई वर्षं झाली, अंधारातच कुलूप काढून राह्यलो.”

आतल्या दारात उभ्या असलेल्या तिच्या आईने विचारलं, “किती वाजता येता तुम्ही? मी घरीच असते, लावत जाईन.”