वोइट्कोबाईंची खुर्ची

डॉसन प्रिचेटचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. गेल्या रविवारच्या अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यात त्याने एकामागून एक चेंडू थेट प्रतिस्पर्ध्यांच्या हातात नेऊन दिले होते. रेडिओवर एक न्हावी आणि एक दंतवैद्य त्याला चेंडू कसा फेकायचा ते शिकवत होते. प्रशिक्षक मर्कलनी तर सांगूनच टाकलं होतं, की येत्या रविवारी कोण खेळणार ते अजून ठरलेलं नाही. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा, संघाचा नवरदेव. आचाऱ्याने आमटी करपवली तरी शिव्या नवरदेवालाच. आणि डॉसनच्या मागे दुसरा नवरदेव मुंडावळ्या बांधून तयारच उभा होता: राखीव क्वार्टरबॅक ब्राइस लुंडक्विस्ट, दात पांढरेशुभ्र, डोक्यात वारा.

त्यात बायकोला सातवा महिना. शेल्बी म्हणाली, "मला पिएरोगी पाहिजेत. पोलिश टेकडीवरच्या चर्चच्या तळघरात म्हाताऱ्या करतात, त्याच. दुकानातल्या आणल्यास तर तूच खा."

बटाटा भरलेल्या त्या उकडीच्या करंज्यांसाठी डॉसन गुडघाभर बर्फातून गाडी घेऊन टेकडी चढला. दोन्ही बाजूंच्या गाड्या बर्फात गाडलेल्या. एकच जागा लख्ख उपसलेली, आणि तिच्या मधोमध फाटक्या रेक्झिनची स्वयंपाकघरातली एक पिवळी खुर्ची.

या शहरात अशी खुर्ची देवळातल्या मूर्तीसारखी असते. ज्याने बर्फ उपसला, त्याची जागा. खुर्चीला कुणी हात लावत नाही. पण डॉसन पश्चिम टेक्सासचा. त्याने आयुष्यभर बर्फ पाहिला तो सरबताच्या पेल्यात. तो उतरला, "कचरा पण रस्त्यात टाकतात, भिकारडे," म्हणाला आणि त्याने खुर्ची भिरकावून दिली. त्या मोसमातली त्याची सर्वांत देखणी फेक. खुर्ची बरोबर कचऱ्याच्या पिंपांत पडली आणि तिचा एक पाय मोडला.

डबा घेऊन तो परत आला, तेव्हा त्या जागेत लावलेली गाडी काचेच्या पेटीत ठेवल्यासारखी दिसत होती. वरून खालपर्यंत गोठलेलं पाणी. दार हलेना. शेजारच्या पायरीवर मेलेल्या नवऱ्याचा कोट घालून एक म्हातारी उभी होती. हातात पाण्याची नळी. ती लपवायचे कष्टही तिने घेतले नव्हते.

"मॅडम, माझ्या गाडीवर पाणी कुणी ओतलं?"

"मी. माझ्या खुर्चीचा पाय कुणी मोडला?"

"रस्ता सरकारी आहे."

"रस्ता सरकारी. बर्फ माझा. पहाटेपासून कंबर मोडून उपसलाय. तुला गेल्या रविवारी साधा चेंडू सांभाळता आला नाही, आणि मला कायदा शिकवतोस?"

डॉसनने पोलीस बोलावला. पोलीस आला, त्याने आधी गाडी पाहिली, मग खुर्ची पाहिली आणि त्याचा चेहरा पडला.

"आयरीन मावशी, तुम्हाला कुठं लागलं नाही ना?"

"मला नाही रे. खुर्चीला लागलं."

"प्रिचेटसाहेब," पोलीस म्हणाला, "मी काही न करता परत जातोय, हे माझे उपकार समजा."

डॉसनने गाडी ओढणाऱ्याला फोन लावला. "कुठली गल्ली म्हणालात?" पलीकडचा म्हणाला. "अच्छा, खुर्चीवाला तू होय? थांब की. मार्चमध्ये बर्फ आपोआप वितळतो."

कारण समोरच्या खिडकीतून कुणीतरी सगळं मोबाईलवर टिपलं होतं आणि फेक एव्हाना शहरभर झाली होती. रेडिओवरचा न्हावी रडवेला झाला होता: "चेंडू गमावला, चालतं. खेळ आहे. पण खुर्ची?"

मग प्रशिक्षक मर्कलचा फोन. "चेंडूचं मी पत्रकारांना समजावीन. खुर्चीचं नाही समजावू शकत. त्या आयरीन वोइट्कोबाईंची माफी मिळव, नाहीतर रविवारी ब्राइस."

डॉसनने दात आवळून माफी मागितली. वोइट्कोबाईंनी ती नाकासमोरच्या माशीसारखी उडवून लावली.

"तोंडाची माफी नको. ती पुढची जागा उपस. माझी बहीण यायचीय."

डॉसनने फावडं घेतलं. बर्फाला शिव्या दिल्या, शहराला दिल्या, दंतवैद्याच्या सात पिढ्यांना दिल्या. उजवा खांदा ठणकायला लागला तरी तो थांबला नाही. शेवटी खालचं डांबर दिसलं. वोइट्कोबाईंनी मोडक्या पायाला चिकटपट्टी गुंडाळून खुर्ची पुढे केली.

"ठेव."

त्याने ठेवली. मधोमध. मागे सरून पाहिली, पुन्हा जरा सरळ केली. मग पाणी प्यायला तो बाईंच्या स्वयंपाकघरात गेला.

बाहेर आला तर खुर्ची फुटपाथवर आडवी पडलेली, आणि त्याच्या जागेत एक चकचकीत लाल गाडी. गाडीतून ब्राइस लुंडक्विस्ट उतरत होता.

"अरे भाऊ, तू अजून इथंच? म्हटलं, पिएरोगी खाऊन बघू. नशीब, जागा रिकामी मिळाली."

"खुर्ची होती," डॉसन म्हणाला.

"हो, ती केली बाजूला. भंगार होती."

ब्राइस रविवार मागत होता, तो डॉसनने एक वेळ दिला असता. टोपी, चेंडू, भिंतीवरचा फोटो, सगळं दिलं असतं. पण ही जागा त्याने उपसली होती. त्याच्या कानशिलातून वाफा निघायला लागल्या. मागे वळून न बघता त्याने हात मागे केला. वोइट्कोबाईंनी त्या हातात नळी दिली.

समोरची खिडकी उघडीच होती.

रविवारी डॉसनच खेळला. ब्राइसला पाठवलं असतं तर लोकांनी मैदान पेटवलं असतं. डॉसनची तिसरी फेक सरळ प्रतिस्पर्ध्याच्या छातीवर गेली. त्याने शिव्यांसाठी मान खाली घातली. सगळं मैदान उभं राहून टाळ्या वाजवत होतं. "होतं असं," रेडिओवर न्हावी म्हणाला. "माणूस आपला आहे." संघ दणकून हरला. टाळ्या थांबल्या नाहीत.

घरी येईपर्यंत डॉसन धुमसत होता. "पोरगा होतो तेव्हापासून खांदा झिजवतोय मी. हाडं मोडून घेतली. तेव्हा कुत्रं विचारत नव्हतं. आणि या गाढवांचा मी लाडका झालो तो कशानं? पाण्याच्या नळीनं."

"खेळतोयस ना अजून? मग झालं," शेल्बी म्हणाली.

त्याने स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलली आणि तो बाहेर रस्त्यावर गेला. शेल्बीने खिडकीतून पाहिलं.

"डॉसन, आपल्याला गॅरेज आहे."

"असू दे," तो म्हणाला, आणि त्याने खुर्ची जरा सरळ केली.