मगनकाकांचं लेबल

मगनकाका आठवडे बाजारात किडकी वांगी मागून घेतात. आमच्या ब्राह्मणपुरी गावात बाकीची माणसं वांग्याला भोक नाही ना, हे फिरवून फिरवून बघतात. काका भोक सापडेपर्यंत फिरवतात. भाजीवाली त्यांच्यासाठी अशी वांगी बाजूला काढून ठेवते आणि भाव मात्र चांगल्या वांग्यांचाच लावते. काका कुरकुर करत नाहीत. त्यांचं म्हणणं एवढंच, "अळी नही खाये, ते मानूसनी का खावानं?"

ते आमचे शेजारी. आमच्या घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, म्हणून बारीक अक्षरांतलं काही दिसलं की काका मला हाक मारतात. एकदा शहाद्याच्या दुकानात त्यांनी मला एक पाकीट वाचायला लावलं. मी वाचलं, "सेंद्रिय मीठ."

काकांनी दुकानदाराला अगदी नम्रपणे विचारलं, "भाऊ, मिठले कोनतं खत देतस?"

"काका, वर हिरवं पान छापेल शे ना."

काकांनी पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "पान ते शे. पन त्याले बी अळीनी खादेल नही."

मी एकदा भीत भीत म्हटलं होतं, "काका, फवारा मारूनही एखादी अळी उरतेच ना? भोक म्हणजे काही पुरावा नाही." मला वाटलं, रागावतील. त्यांनी हातातलं वांगं परत टोपलीत ठेवलं. "हाई बी खरं शे," म्हणाले, आणि त्या बाजारी वांगी घेतलीच नाहीत. पुढच्या बाजारी पुन्हा किडकीच घेतली.

मग सुरतहून त्यांच्या मुलीचा, दक्षाताईचा फोन आला. बाळाचं उष्टावण होतं. ऊसतोड सुरू असल्यानं काकांना जाता येणार नव्हतं. बाळ सुरतला गेल्यापासून त्यांनी त्याला फोनवरच पाहिलंय. ताई म्हणाली, "पप्पा, घरना भोपळा धाडा. त्यानाच पहिला घास देऊ. पन ऑरगॅनिक शे ना? नही ते सुरतमा पाकीट भेटस."

काकांना "हो" म्हणता आलं असतं. त्यांच्या परसातल्या वेलाला शेणखताशिवाय काही माहीत नाही. पण कुंपणापलीकडे कापसाचं शेत आहे, आणि तिथे फवारणी झाली की वारा नेमका इकडे येतो. तो अडवायला त्यांनी काकूंच्या साड्या कुंपणाला बांधून पाहिल्या होत्या. काकू म्हणतात, "साड्या बी गयात, वारा बी उनाच."

काका फोनवर एवढंच म्हणाले, "दखीसन सांगस," म्हणजे बघून सांगतो, आणि वेलाकडे पाहत बसले.

काही दिवसांनी त्यांनी मला मार्कर घेऊन बोलावलं. खोक्यात भोपळा ठेवला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी सुरतला जाणारं कोणीतरी मिळालं होतं.

"लिख बेटा."

मी उत्साहानं "सेंद्रिय" लिहिलं. काकांनी त्यावर हात ठेवला. "ते आपलाले माहीत नही. खोडी टाक." मग सावकाश सांगू लागले, "फवारा मारा नही. शेनखत टाकं. शेजारना वारा उना व्हई. धुईसन घेजो."

खोक्याची एक बाजू भरली. मी खोकं फिरवलं.

काकू दारातून म्हणाल्या, "भोपळा धाडी ऱ्हायनात का कोर्टना कागद?"

मी भोपळा उचलून पाहिला. गुळगुळीत, कुठेच काही नाही. न राहवून म्हटलं, "काका, याला तर एकही भोक नाही."

उत्तर काकूंनीच दिलं. त्याच वेलाला याच्या जोडीचा आणखी एक भोपळा होता. फोन आल्यापासून काका तोच खात होते. उकडून, ठेचून. मीठ नाही, तिखट नाही, बाळाला देतात तसा.

काका माझ्याकडे न बघता म्हणाले, "अळी उनी नही. मंग पहिले कोनी तरी खावाले पाहिजे ना."

मी मार्करचं टोपण पुन्हा काढलं.

"लिख," ते म्हणाले. "पप्पानी खाई दखं."

जागा थोडीच उरली होती. तरी तेवढं मी मोठ्या अक्षरांत लिहिलं.