हेडक्लार्कांचा शुद्ध नाताळ

यंदाचा नाताळ शुद्ध करायचा, असं हेडक्लार्कांनी एक डिसेंबरला सकाळचा चहा पिता पिता ठरवलं. आदल्या दिवशी चपलांच्या दुकानात लाल कपडे घातलेल्या, कापसाची दाढी लावलेल्या एका माणसाने त्यांना नाताळनिमित्त दोन जोडांवर एक जोड फुकट देऊ केला होता. हेडक्लार्कांचं डोकंच फिरलं. (जोड त्यांनी घेतले, ती गोष्ट वेगळी.)

"तारणारा जन्माला आला तो काय सेल लावायला?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला काय विचारता? मी लावलाय का सेल?"

त्याच संध्याकाळी दिव्याचा तारा, माळा, घंटा, चकचकीत गोळे, सगळं एका खोक्यात गेलं. हेडक्लार्कांचा जन्म रेकॉर्ड सेक्शनमध्ये गेलेला. चिठ्ठी लावल्याशिवाय त्यांच्या हातून खोकं बंद होत नसे. वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहून, चारही कडांना डिंक लावून त्यांनी ती खोक्यावर चिकटवली आणि खोकं पाळकसाहेबांकडे पोचवलं. संडेस्कूलला हवं तर वापरा, नाहीतर टाकून द्या.

"आत एकदा बघून तरी घ्यायचं," बायको म्हणाली होती.

"मी स्वतः बांधलेल्या पुड्या आहेत त्या. गेल्या जानेवारीत सगळं आवरताना तुम्हा दोघींना हात लावू दिला नाही, तो याचसाठी."

घरात उरली फक्त गव्हाणी. हेडक्लार्कांच्या वडिलांनी, सुतार आप्पांनी, शेवटच्या आजारपणात लाकडात कोरलेली. मरिया, योसेफ, दोन मेंढपाळ, एक कान तुटलेलं गाढव. बाळ येशू सगळ्यात शेवटी कोरला, तेव्हा आप्पांचा हात थरथरत होता, म्हणून त्याचा एक डोळा दुसऱ्यापेक्षा जरा मोठा. चोवीस तारखेच्या प्रार्थनेपर्यंत बाळाला गव्हाणीत ठेवायचं नाही, ही आप्पांची शिस्त. तोवर ते रुमालात गुंडाळलेलं, कपाटाच्या लॉकरमध्ये.

रोज संध्याकाळी हेडक्लार्क शास्त्रवाचन करत आणि मग तिघं लॉकरकडे तोंड करून हात जोडत.

"खरा नाताळ या लॉकरमध्ये आहे," हेडक्लार्क सांगत. "बाहेर आहे तो नुसता झगमगाट."

मुलगी समोरच्यांच्या खिडकीतल्या माळांकडे बघत मान हलवायची.

चोवीसला पाच वाजता पाळकसाहेब प्रार्थनेला येणार होते. पावणेपाचला हेडक्लार्कांनी लॉकर उघडला, दोन्ही हातांनी रुमाल बाहेर काढला आणि हलकेच सोडला.

आत एक बल्ब होता. छोटा, पिवळा.

"याला कोणी हात लावला?"

"किल्ली तुमच्याच खिशात असते, बाबा," मुलगी म्हणाली.

"तेच म्हणतोय मी. किल्ली माझ्या खिशात, तरी ही हिंमत?" गाद्या उलथल्या. पिठाचा डबा चाळला गेला. मेंढपाळांनाही हेडक्लार्कांनी उचलून खालून बघितलं. "पोलिसांत जातो मी."

"जा ना," बायको म्हणाली. "बाळ हरवलंय म्हणा. वय किती विचारलं, तर काय सांगाल?"

हेडक्लार्क मटकन खाली बसले. गव्हाणीतल्या गवतात बोटाएवढा खड्डा होता, तेवढाच. आप्पांच्या हातचं शेवटचं काम. चोवीस वर्षं जपलं आणि नेमकं शुद्ध नाताळालाच गेलं.

तेवढ्यात दार वाजलं. पाळकसाहेब धापा टाकत आत आले.

"माफ करा, उशीर झाला. तुमचा तारा हॉलमध्ये टांगला, पण पेटेचना. बल्बच नव्हता त्यात. शोधायला खोकं उपसलं, तर तळाशी एका रुमालात..." त्यांनी मूठ उघडली. तळहातावर बाळ होतं. एक डोळा जरा मोठा.

हेडक्लार्कांनी झटकन हात पुढे केला. पाळकसाहेबांनी मूठ पुन्हा मिटली आणि दुसऱ्या हाताने खिशातून अलगद सोडवलेली एक चिठ्ठी काढली.

"देण्याआधी खात्री करावी म्हटलं. अक्षर तुमचंच ना?"

चिठ्ठीवर वळणदार अक्षरात लिहिलं होतं : 'नाताळशी संबंध नसलेल्या वस्तू'.

मुलीने तोंडावर ओढणी धरली. बायकोने शांतपणे नवऱ्याच्या हातातून बल्ब घेतला आणि पाळकसाहेबांना दिला.

"हा जपून न्या हं. तेवीस दिवस आम्ही याच्यापुढे हात जोडलेत."